केपटाऊनचे कोकणी : नातवंडं विचारतात, आजी सांगते

केपटाऊनमध्ये टेबल माउंटनकडे पाठ करून सपाट, वाळूच्या भागाकडे निघाले की क्लिपफॉन्टेन रोडच्या आसपास राइलंड्स नावाची वस्ती लागते. बैठी घरे, पुढे छोटे अंगण, चोरांच्या भीतीने उंच लोखंडी फाटके. दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या पाट्या वाचत गेले तर आपण महाड-माणगावच्या किंवा खेड-चिपळूणच्या एखाद्या मोहल्ल्यात आलो की काय असे वाटावे. परकारांचे स्पेलिंग काही घरांनी असे करून ठेवले आहे की वाचणारा त्यांना ‘पार्कर’ म्हणतो, आणि आता तेही स्वतःला तसेच म्हणतात. जुम्म्याला गेट्सविलच्या मस्जिदुल कुद्समध्ये शेजारी बसलेले बुजुर्ग आम्हाला इंग्रजीत विचारीत, “कुठून आलात?” रायगड जिल्हा म्हटले की त्यांना कळत नसे. “मोर्ब्याजवळ” म्हटले की लगेच हात हातात घेत.

आमची भाची लग्न होऊन तिथे गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तिच्याकडे आम्ही दोघे फेब्रुवारीत तीन आठवडे राहिलो. टेबल माउंटन पाहिला, दोन समुद्रांच्या गोष्टी ऐकल्या, बो-काप भागातल्या रंगीत घरांचे फोटो काढले. ते सगळे प्रवासवर्णनांत अनेकदा आलेले आहे. आम्हाला लिहायचे आहे ते तिथल्या रविवार दुपारांविषयी.

भाचीची मुलगी कॉलेजात आहे. ती आणि तिच्या वयाची पाच-सहा मुले-मुली मिळून दर रविवारी एका वृद्धाच्या घरी जातात आणि त्यांची हकिकत मोबाइलवर रेकॉर्ड करतात. कोणत्या गावाहून आलात, कोणाबरोबर आलात, बोटीवर काय खाल्ले, पहिल्यांदा कुठे उतरलात, पहिली नोकरी कोणती, डिस्ट्रिक्ट सिक्समधले घर कसे होते, ते सोडावे लागले तेव्हा काय काय मागे राहिले. सुरुवातीला त्यांच्याकडे एक मुलगा कॅमेरा आणि दिवे घेऊन यायचा. कॅमेरा दिसला की म्हातारी माणसे लग्नाच्या फोटोला बसल्यासारखी ताठ बसत आणि भाषण करीत. दोन-तीन घरांनंतर त्यांनी कॅमेरा सोडून दिला आणि नुसता आवाज घ्यायचे ठरवले. आमच्या मते फार शहाणपणाचे केले.

आम्हाला त्यांनी ओढून नेले ते भाषेसाठी. मुलांना इंग्रजी येते, थोडी आफ्रिकान्स येते, मदरशात अरबी शिकलेली आहे. कोकणी येत नाही. आजी-आजोबा इंग्रजीत बोलतात तेव्हा दहा मिनिटांत सगळे संपते : आलो, कष्ट केले, अल्लाहच्या कृपेने बरे झाले. तेच कोकणीत बोलू लागले की तास सरतो.

*

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण दक्षिण आफ्रिकेतले भारतीय म्हटले की आपल्याला नाताळचे उसाचे मळे आणि गिरमिटिये आठवतात. 1860 पासून 1911 पर्यंत करारावर नेलेले मजूर नाताळात गेले. केपटाऊनला गेलेले कोकणी मुसलमान मात्र स्वतःच्या खर्चाने गेले. सरकारी भाषेत त्यांना ‘पॅसेंजर’ म्हणत. त्यामुळे ते सगळे व्यापारी असावेत असा समज झाला. केपटाऊनच्या भारतीयांचा इतिहास लिहिणाऱ्या उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी कागदपत्रे काढून दाखवले की या ‘पॅसेंजर’ लोकांत मजूर, दुकानातले नोकर, हातावर पोट असलेली माणसे पुष्कळ होती. तिकिटाचे पैसे जमीन गहाण टाकून किंवा बायकोचे दागिने मोडून आलेले होते, हे आपल्याकडच्या घराघरांत माहीत आहे.

नुसते पोटासाठी गेलेलेच नव्हते. डर्बनमध्ये ज्यांना सूफी साहेब म्हणून ओळखतात ते बुजुर्ग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. 1895 साली ते डर्बनला पोचले. केपटाऊनमधली हबीबिया मस्जिद त्यांच्याच सिलसिल्याची, आणि राइलंड्सची वस्ती आज तिच्या आजूबाजूला आहे.

गेले ते गेले, पण ये-जा करणे सोपे नव्हते. 1902 च्या केप वसाहतीच्या कायद्याने नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट घातली. 1906 पासून गावी जाऊन परत यायचे तर परवाना लागे, फोटो आणि बोटांचे ठसे देऊन. 1913 च्या कायद्याने नव्या पुरुषांसाठी दार जवळजवळ बंद झाले. फक्त आधीपासून राहणाऱ्यांच्या बायका आणि अल्पवयीन मुले येऊ शकत. आणि बायको म्हणजे कोण? त्याच वर्षी मार्चमध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी हसन इसप यांच्या पत्नी बाई मरियम यांच्या प्रकरणात निकाल दिला की इस्लामी पद्धतीने झालेला निकाह कायद्याला मान्य नाही. गांधीजींच्या सत्याग्रहात बायका उतरल्या त्यामागे हा निकाल होता. शाळेच्या पुस्तकात सत्याग्रह असतो, बाई मरियमचे नाव नसते. 1914 च्या कायद्याने एका पत्नीला मान्यता मिळाली. 1927 पासून सलग तीन वर्षे बाहेर राहिले तर वास्तव्याचा हक्क जाऊ लागला. म्हणजे नवरा गावी यायचा तो तारखा मोजत. आणि 1953 साली भारतातून बायको आणण्याचेही दार बंद झाले.

या शेवटच्या तारखेपाशी आम्ही तिथे असताना पुन्हा पुन्हा येऊन थांबत होतो. कोकणी बोलणारी घरे विचारली तर जवळजवळ प्रत्येक घरात उत्तर सारखेच : आई किंवा आजी 1953 च्या आधी कोकणातून आलेली. त्यानंतर लग्ने तिथल्याच मुलींशी होऊ लागली, बहुतेक केपच्या जुन्या मुस्लिम घराण्यांतल्या. त्या घरांत आफ्रिकान्स आणि इंग्रजी. मुलाला अंगाई गाणारी बदलली की भाषा बदलते. आम्हाला तरी राइलंड्समधली कोकणी त्या कायद्यानेच अडवलेली दिसते.

*

पहिल्या रविवारी आम्ही गेलो त्या घरच्या आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. आठ-नऊ वर्षांच्या असताना आईचा हात धरून आलेल्या. मुलांनी आधी खोली तयार केली. केपटाऊनला उन्हाळ्यात दक्षिण-पूर्वेचा जोरदार वारा सुटतो, खिडक्या खडखडतात, म्हणून त्या लावून घेतल्या. फ्रिजची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून तो बंद केला, आणि गाडी चालवणाऱ्या मुलाने आपली किल्ली फ्रिजमध्येच ठेवली. किल्ली घेतल्याशिवाय जाता येणार नाही, म्हणजे फ्रिज पुन्हा सुरू करायला कोणी विसरणार नाही. मोबाइल दुमडलेल्या टॉवेलवर. मग एका मुलीने सुरुवातीला सगळे नीट सांगितले : आज तारीख कोणती, घर कुठले, बोलणार कोण, त्या कोणाची मुलगी, गाव कोणते, खोलीत आणखी कोण कोण बसले आहे. ही मुलगी हदीसचा अभ्यास करते. कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी का जपायची हे तिला वेगळे शिकवावे लागले नव्हते.

आजी बोलू लागल्या. मुंबईहून आगबोट, डर्बनला उतरणे, तिथून दोन रात्री आगगाडी. आईने बोटीवर डबा सोडला नाही कारण त्यात गावची सुकी मासळी होती, आणि तिच्या वासाने शेजारच्या बायका नाक धरत. आजी हे सांगताना इतक्या हसल्या की मुलेही न समजता हसली.

गंमत पुढे झाली. मुलांनी त्या बोलण्याचा इंग्रजी मजकूर तयार केला आणि आम्हाला तपासायला दिला. त्यात लिहिले होते की आजी ज्या जहाजाने आल्या त्याला आग लागली होती. दोन ठिकाणी. एका मुलाने तर त्या वर्षी हिंदी महासागरात कोणते जहाज जळाले याचा शोधही सुरू केला होता. त्यांना ‘आग’ हा शब्द माहीत होता, ‘बोट’ इंग्रजीच. वाफेच्या बोटीला आपण आगबोट म्हणत होतो हे त्यांना कोण सांगणार? तसाच ‘मुलुख’. आजी म्हणाल्या, “मुलखाला गेले.” मुलांनी ते कोणाचे तरी नाव समजून मोठ्या अक्षरात लिहिले.

त्यावरून एक गोष्ट ठरली. इंग्रजी मजकूर बाजूला, पण मूळ आवाज कधीच पुसायचा नाही, आणि कोकणी शब्द जसा ऐकला तसाच लिहून त्याच्यापुढे अर्थ मांडायचा. आम्ही तीन आठवड्यांत त्यांना अशी एक वही भरून दिली. ओटी, पडवी, माजघर, मोरी, तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी, कोठार, उकडा तांदूळ. त्यातल्या कित्येक वस्तू आता आमच्या गावातही उरलेल्या नाहीत, हे वही लिहितानाच लक्षात येत होते.

निघताना आजींनी प्रत्येकाच्या हातात खाण्याचे एक पुडके दिले. तिथे याला ‘बरकत’ म्हणतात. कार्यक्रमाहून कोणी रिकाम्या हाताने जात नाही. पुडक्यात कोईसिस्टर होते, म्हणजे पाकात बुडवून वर खोबरे भुरभुरलेले तळलेले गोड. खाली केळीच्या पानाऐवजी कागदावर सांदण होते. ते मात्र आपले.

*

मधल्या एका दिवशी मुलांनी आम्हाला डिस्ट्रिक्ट सिक्सला नेले. शहराचा हा सहावा महानगरी विभाग, 1867 पासून त्याला हे नाव. बंदराच्या जवळ, डोंगराच्या उतारावर. तिथे केपचे मुसलमान, ख्रिश्चन, ज्यू, आफ्रिकी, भारतीय सगळे दाटीवाटीने राहत. त्याला ‘कनालाडॉर्प’ असेही म्हणत. ‘कनाला’ म्हणजे केपच्या मुसलमानांच्या बोलीत ‘कृपा करून’. 11 फेब्रुवारी 1966 रोजी सरकारने जाहीर केले की हा भाग आता फक्त गोऱ्यांचा. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत साठ हजारांहून अधिक लोकांना उठवून वाळूच्या सपाटीवर टाकले. भारतीयांसाठी राइलंड्स नेमून दिले. घरे बुलडोझरने पाडली. मशिदी आणि चर्च तेवढी ठेवली.

आजही तिथे मोकळे, गवत वाढलेले उतार दिसतात आणि मध्येच म्युअर स्ट्रीटची झीनतुल इस्लाम मस्जिद. भोवतालचे मोहल्ले नाहीसे झाले तरी लोक वाळूच्या वस्त्यांतून बस-गाड्या करून नमाजला येत राहिले. आम्ही तिथे जुहर पढलो. चार सफी झाल्या. त्यातले कोणीही आता जवळ राहणारे नव्हते, असे इमाम साहेबांनी सांगितले.

जवळच्या बुइटनकांट स्ट्रीटवर एका जुन्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्सचे संग्रहालय आहे. ते 1994 च्या डिसेंबरमध्ये उघडले, मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले त्याच वर्षी. आत जमिनीवर त्या भागाचा मोठा नकाशा पसरलेला आहे आणि जुने रहिवासी येऊन आपले घर होते तिथे नाव लिहून जातात. पाडापाडी झाली तेव्हाच्या रस्त्यांच्या पाट्या टांगलेल्या आहेत. आमच्याबरोबर आलेले एक अंकल चप्पल काढून नकाशावर उभे राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हॅनोवर स्ट्रीटवरून चालू लागले, पायाने मोजत : इथे सिनेमा, इथे मासेवाला, इथे आमचे दुकान, मागे आमची दोन खोल्यांची जागा. रेकॉर्डिंग सुरूच होते. घरी खुर्चीवर बसून त्यांनी जे दोन रविवार सांगितले नव्हते ते त्या नकाशावर चालताना वीस मिनिटांत सांगितले. माणसाला विचारण्यापेक्षा त्याच्याबरोबर चालावे, ही युक्ती आपल्याकडेही उपयोगी पडावी. गावात किती वृद्ध आहेत जे खुर्चीवर “काय सांगू?” म्हणतील आणि धक्क्यावर नेले की बोलत सुटतील.

हे काम केपटाऊनला नवे नाही. 1980 च्या दशकात केपटाऊन विद्यापीठाच्या इतिहास विभागाने उठवलेल्या लोकांच्या मुलाखती टेपवर घ्यायला सुरुवात केली होती. पण कोकणीत कोण विचारणार होते!

*

रोलंड स्ट्रीटवर जिथे पूर्वी तुरुंग होता तिथे आता सरकारी दफ्तरखाना आहे. इमिग्रेशनच्या जुन्या फायली तिथे बघायला मिळतात. मुलांपैकी एकाने आपल्या पणजोबांची फाइल काढली. पिवळा पडलेला परवाना, फोटो, बोटांचे ठसे, उंची, अंगावरची खूण. फोटोत टोपी आणि अंगात बहुधा दुसऱ्याचा कोट, कारण बाह्या फार लांब होत्या. मुलगा बराच वेळ बघत राहिला. त्याच्या घरात त्या माणसाचा हा एकुलता एक फोटो, आणि तो काढला सरकारने, संशय म्हणून.

फाइल आणि आवाज जुळत नाहीत, हे आम्हाला लवकरच दिसले. एका बुजुर्गांची हकिकत त्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगतो. त्यांच्या वालिदांच्या फाइलमध्ये बापाचे नाव एक आहे आणि गावच्या कबरीवर दुसरे. झाले असे की त्या काळी फक्त आधीपासून राहणाऱ्याचा मुलगाच येऊ शकत असे. गावातल्या एकाचा मुलगा लहानपणी वारला होता, कागदावर मात्र होता. त्याच्या जागी शेजारचा पोरगा पाठवला गेला. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांना अशा ‘कागदी मुलांचा’ संशय सतत असे, आणि तो दरवेळी खोटा नव्हता. तो पोरगा आयुष्यभर मेलेल्या मुलाच्या नावाने जगला. त्याची औलाद आजही तेच आडनाव लावते.

हे सांगताना बुजुर्गांनी मध्येच हात वर केला, “बंद कर.” मुलीने बंद केले. अकरा मिनिटे ते बोलले, मुलांनी ऐकले, कोणी काही लिहिले नाही. मग म्हणाले, “आता चालू कर.” त्या फाइलच्या वर्णनात एवढेच लिहिले आहे : इथे सांगणाऱ्यांच्या इच्छेवरून अकरा मिनिटे रेकॉर्डिंग नाही. नंतर गाडीत वाद झाला. एका मुलाचे म्हणणे, आता तो कायदा नाही, ते सरकार नाही, भीती कसली? इतिहास अर्धवट का ठेवायचा? हदीस शिकणारी मुलगी म्हणाली, ती अमानत आहे. पहिला मुलगा गप्प बसला नाही, आणि त्याचे म्हणणे आम्हाला अगदीच चुकीचे वाटत नव्हते. त्या बुजुर्गांनंतर ही गोष्ट जाणणारे घरात कोणी नाही. पण शब्द दिला तर दिला. आम्ही त्या मुलीच्या बाजूचे. पुढच्या रविवारी त्यांनी बुजुर्गांनाच विचारले, आणि त्यांनी आपल्या मुलांसमोर बसून पुन्हा सगळे सांगितले. त्यातले काय बाहेर न्यायचे आणि काय नाही तेही त्यांनीच सांगितले. बंद ठेवलेली अकरा मिनिटे अजून बंदच आहेत.

*

तीन आठवड्यांत जे ऐकले त्यातले बहुतेक जाणाऱ्यांचे होते. मागे राहिलेल्यांचे केपटाऊनमध्ये कसे मिळणार? परवान्यावर एक ओळ असते, ‘पत्नी, भारतात’. बस्स. एका मुलाच्या आजोबांनी 1954 साली गावी येऊन निकाह केला होता. 1953 च्या कायद्याने ती बायको केपला जाऊ शकत नव्हती. आजोबा परत गेले, काही वर्षांनी तिथे दुसरे लग्न केले, आणि हा मुलगा त्या दुसऱ्या घरातला. गावच्या दादी हयात आहेत हे घरात सर्वांना माहीत होते. ईदला कोणीतरी फोन करी. यापुढे कोणी काही विचारीत नसे.

त्याने आम्हाला सात प्रश्न लिहून दिले आणि आपल्या आवाजात एक निरोप रेकॉर्ड करून दिला. मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आम्ही तो मोबाइलमध्ये घेऊन खाडीकाठच्या त्या गावी गेलो. गावाचे नाव देऊ नका असे दादींनी सांगितले आहे.

मोहल्ल्यातली निम्मी घरे बंद होती. दाराला कुलूप, ओटीवर पालापाचोळा. घरमालक कोणी मुंब्र्यात, कोणी कुवेतमध्ये, कोणी लंडनला. दादींचे घर उघडे होते. शेजारची सून सकाळ-संध्याकाळ येते. त्यांची मुलगी मुंब्र्याला असते, बोलावते, त्या जात नाहीत. वय नव्वदच्या पुढे, कानाने थोडे कमी. आम्ही चहा घेतला आणि मुलाचा निरोप लावला. त्याने आमच्याकडून शिकून घेतलेल्या कोकणीत सलाम केला होता, आपण कोणाचे कोण ते सांगितले होते आणि विचारले होते की काही विचारू का. दादींनी मोबाइल कानाला लावला. “फिरून लाव,” म्हणाल्या. तीन वेळा ऐकले. मग म्हणाल्या, “विचार म्हणावं.”

त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात पत्रे आहेत. निळी हवाई पत्रे. नवऱ्याची पत्रे त्यांनी जपली, त्यांनी पाठवलेली केपटाऊनला कोणी जपलेली नाहीत. त्यांना लिहिता येत नव्हते. गावातले मास्तर लिहून देत. आम्ही विचारले, पत्रात काय लिहीत होता? “सलाम. सगळे खैरियत. पाऊस पडला. कौले गळतात, पैसे पाठवा.” आणखी? त्या आमच्याकडे बघून हसल्या. “मास्तरासमोर आणखी काय सांगू?”

वीस वर्षे त्यांचे नवऱ्याशी जे बोलणे झाले ते मास्तरांच्या हातून. उलट आलेले पत्रही मास्तरच वाचून दाखवत. दुसऱ्या लग्नाची बातमीसुद्धा तशीच आली, आणि ती वाचताना मास्तर मध्येच थांबले आणि म्हणाले, पुढचे अक्षर लागत नाही. दादींनी ओळखले. घरी येऊन तांदूळ निवडायला बसल्या. हे त्यांनी मुलीलासुद्धा सांगितले नव्हते.

नवरा त्यानंतर दोनदा आला, 1961 आणि 1968 साली. दर वेळी तीन-चार महिने. पहिल्या फेरीत घराच्या मागे आंब्याचे कलम लावून गेला. गावात त्या झाडाला ‘आफ्रिकेवाल्याचा आंबा’ म्हणतात. त्याच फेरीनंतर मुलगी झाली. 1968 नंतर तो आला नाही. तब्येत, पैसे, तिकडची मुले. शेवटी तिकडेच त्याचा इंतकाल झाला. खबर टेलिग्रामने आली आणि ती वाचायला मास्तर नव्हते, ते आधीच गेले होते.

मुलाच्या यादीतला सहावा प्रश्न आम्ही विचारावा की नाही यावर आम्हा दोघांत घरून निघतानाच चर्चा झाली होती. त्याने लिहिले होते : तुम्हाला माझ्या आजोबांचा राग आला होता का? माझ्या आजीचा? दादींना आधी विचारले, एक प्रश्न अवघड आहे, नको असेल तर सोडू. त्या म्हणाल्या, विचार. उत्तर लगेच दिले नाही. हातातली तसबीह बाजूला ठेवली.

“राग करायला माणूस समोर लागतो. तो समोर असायचा तीन महिने. त्यात काय काय करू?” मग थोड्या वेळाने, “तिचा काय राग? तिलाही तो परदेशीच. तिच्या बोलीत त्याला कुठे नीट बोलता येत असेल.”

सातवा प्रश्न होता, तुम्हाला आम्हाला काही विचारायचे आहे का. यादीतला हा प्रश्न आम्हाला सर्वांत चांगला वाटतो. दादींचे प्रश्न तयार होते. कबर कुठे आहे? सावली आहे का? पावसाळ्यात पाणी साचते का? तो भात खात होता की पाव? शेवटी-शेवटी कोणत्या बोलीत बोलत होता? आम्ही त्यांना सांगितले की केपटाऊनला पाऊस आपल्यासारखा मे-जूनपासूनच येतो, पण तो तिकडचा थंडीचा पाऊस असतो. हे ऐकून त्यांना फार नवल वाटले. “म्हणजे त्याच्याकडे पाऊस आणि माझ्याकडे पाऊस एकाच वेळी,” म्हणाल्या, “आणि तो पत्रात लिहायचा, इथे फार थंडी आहे. मला वाटे, हा कुठल्या मुलखात आहे?”

या रेकॉर्डिंगच्या दोन प्रती आहेत. एक राइलंड्समध्ये, एक मुंब्र्याला दादींच्या मुलीकडे. मूळ बोलणे एक तास चाळीस मिनिटांचे आहे. त्यातली जी जागा दादींनी नको म्हटली ती दोन्ही प्रतींत नाही. मुलाचे उत्तरही आले : कबरीपाशी निलगिरीचे झाड आहे, पाणी साचत नाही, आजोबा भातच खात, आणि आजारपणात शेवटचे आठ-दहा दिवस जे बोलत ते घरात कोणालाही कळत नव्हते. आजीने त्यातला एक शब्द लक्षात ठेवला होता. तो मुलाने तिला उच्चारायला लावून रेकॉर्ड करून पाठवला. आम्ही तो ऐकला. शब्द ‘पडवी’ होता.

दादींना तो ऐकवायला आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्या दिवशी बोलणे संपत आले तेव्हा त्यांनी शेजारच्या सुनेला हाक मारून आफ्रिकेवाल्याच्या झाडाचे दोन डझन आंबे पेंढ्यात बांधायला सांगितले. विमानाने आफ्रिकेत फळे नेता येत नाहीत, आणि आम्ही तर घरीच निघालो होतो, हे सांगून बघितले. त्यांनी ऐकले नाही. “पोराला सांग, मे महिन्यात ये. झाड अजून धरते,” म्हणाल्या, आणि मोबाइलकडे बोट करून, “हे आता बंद कर. असरची अजान होईल.”